गोळी बंद होती तेव्हा

दादाला जाऊन आता दोन उन्हाळे झाले. त्याला काय झालं होतं असं कुणी विचारलं, की मी आजाराचं नाव सांगून मोकळी होते. ते नाव कळण्याआधीच्या दिवसांविषयी वहिनी आणि मी एकमेकींशीही बोलत नाही.

सुरुवात चपलेपासून झाली. दादा खुटबावला शेती करायचा. गोठ्यातून येताना त्याच्या डाव्या पायातली चप्पल वाटेतच राहायची आणि तो एकाच चपलेवर घरात यायचा. वहिनी विचारायची, "अहो, दुसरी कुठं हाय?" तो पायाकडे न बघताच म्हणायचा, "हाय की पायात." एकदा तिनं दाखवून दिलं तेव्हा म्हणाला, "मग कुत्र्यानं नेली आसंल." आम्ही हसलो. मग एका सकाळी त्याचा डावा हात थडथड उडायला लागला आणि तो अंगणात कोसळला.

तालुक्याच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. मेंदूत उजव्या बाजूला डाग होता, भोवती सूज होती. सूज उतरायची इंजेक्शनं दिली, घरी जाताना त्याच औषधाच्या गोळ्या दिल्या. त्यांच्या जागी कुणीही हेच केलं असतं, असं मला पुढं पुण्याच्या डॉक्टरांनीच सांगितलं. आठवड्याभरात दादा मोटरसायकलवरून ऊस बघून आला. शेजारचे आबा ओट्यावर बसून त्याची चेष्टा करत होते, "तुला काय झाल्तं का नुसतं बायकूला घाबरावलं?"

पुण्याला दाखवायला गेलो ते खरं तर खात्री करून घ्यायला. मी शिरूरच्या शाळेत शिकवते, घरात शिकलेली मीच, म्हणून डॉक्टरांशी बोलायचं काम माझ्याकडे. मेंदूविकाराच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या बाई होत्या. त्यांनी जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी लावले. जुन्यातला डाग नव्यात जवळजवळ दिसतच नव्हता. मी वहिनीचा हात दाबला. मॅडमचा चेहरा मात्र उतरला होता.

त्यांनी शेजारच्या खोलीतून मेंदूच्या सर्जनना बोलावलं. दोघं आमच्यासमोरच बोलले.

"टीबीची गाठ असेल," सर्जन म्हणाले. "आपल्याकडे तेच जास्त. टीबीची औषधं सुरू करू, बघू."

"आणि टीबी नसला तर? कॅन्सरची एक जात या गोळीनं अशीच विरघळते."

"मग तुकडा काढून तपासू."

"आत्ता? आत्ता सुई घालून तुमच्या हाती काय लागणार? गोळीनं सगळं पुसलंय."

मॅडमनी खुर्ची आमच्याकडे वळवली. दोन्ही आजारांचे उपचार अगदी वेगळे, चुकीचा दिला तर हातातली वेळ जाणार, हे त्यांनी समजावून सांगितलं. "यांना काय झालंय ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. मोठ्या डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. "गोळी हळूहळू कमी करून बंद करायची. ते जे काही आहे ते परत दिसलं, की त्याच वेळी तुकडा काढायचा."

"ज्यानं बरं वाटाय लागलंय तेच बंद?" वहिनी म्हणाली.

"हो. तेच."

आवाजात जराही शंका नव्हती. त्यांच्या त्या खात्रीवर मी 'हो' म्हणून आले. मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू सांभाळतो, तिथलं बिघडलेलं त्यांना स्वतःला कळणार नाही, म्हणून डावीकडे लक्ष ठेवा, म्हणाल्या. पाय, हात, दाढी करताना एक गाल राहतोय का, सगळं. काही बदललं तर लगेच फोन.

गोळी बंद झाली. मी शिरूरला परतले. रोज शाळा सुटली की वहिनीला फोन लावायचे. "ठीक हाय," ती म्हणायची. मी मॅडमना तसं कळवायचे. दिवस जात होते आणि दादा ठीक होता.

मग आठवड्याच्या मध्येच एक दिवस शाळेला सुट्टी मिळाली, मी न कळवता न्हावऱ्याच्या रस्त्यानं खुटबाव गाठलं. दादा जेवत होता. मला बघून म्हणाला, "ये तायडे, बस. टायमावर आलीस." ताटातली उजवीकडची भाकरी आणि कांदा त्यानं संपवला आणि हात आखडला. डावीकडे वांग्याची भाजी तशीच होती. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली, वाकली आणि काहीही न बोलता तिनं ताट अर्धं फिरवलं.

"आरं, भाजी हाय व्हय अजून," दादा म्हणाला आणि परत जेवू लागला.

मी वहिनीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

"कधीपासून?"

"झालं चार-सा दिस."

"आणि मला रोज ठीक म्हणून सांगत होतात?"

"पोट भरतंय न्हवं त्यांचं? मग ठीकच की." तिनं तांब्या आपटला. "आपण कशाची वाट बघतोय, ताई? बिघडायची? तुम्हाला तसलं बघवतंय, मला न्हाई बघवत. मी गोळी देते आता."

गेले काही दिवस फोनवर 'ठीक हाय' ऐकलं की मला हायसं वाटत नव्हतं, उलट मन खट्टू व्हायचं. हे तिला सांगण्यासारखं नव्हतं. तिनं फळीवरून गोळ्यांचं पाकीट काढलं. मी तिचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं मॅडमना फोन लावला.

"देऊ नका," त्या म्हणाल्या. "आत्ता निघा."

आबांच्या मुलाच्या गाडीनं पोचलो. नव्या फोटोत डाग परत आला होता, पहिल्यापेक्षा मोठा. सर्जननी सकाळची वेळ ठरवली. हात कायमचा लुळा पडू शकतो, हेही सांगितलं. पण दादाच तयार होईना. "मी धडधाकट हाय. डोकं कशाला उघडताय?"

मॅडमनी त्याचा डावा हात उचलून त्याच्या तोंडासमोर धरला. "हा कुणाचा?"

त्यानं नीट बघितलं. "तुमचा."

"माझे दोन्ही हे इथं आहेत."

तो तिन्ही हातांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मग माझा कुठंय?" वहिनीनं पदर तोंडात कोंबला. त्यानंतर तो नाही म्हणाला नाही. उजव्या हातानं सही केली.

तुकड्यात आजार सापडला. टीबी नव्हता, मॅडम म्हणाल्या होत्या ती कॅन्सरची जात होती. त्यावर ठरलेला उपचार होता, तो लगेच सुरू झाला. त्याच्या जोरावर दादा एका उसाच्या तोडणीला बांधावर उभा राहिला. पुढच्या तोडणीला नव्हता.

रिपोर्ट सांगायला मॅडमनी आम्हा दोघींना आत बोलावलं होतं. "तुम्ही थांबलात म्हणून नाव मिळालं," त्या म्हणाल्या.

"मी न्हवते थांबणार," वहिनी म्हणाली. "मी ताट फिरवत होते. ताई आल्या नसत्या तर गोळी दिली असती."

मॅडम तिच्यावर रागावल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवत म्हणाल्या, "मीही रोज घरी जाताना हाच विचार करायचे. उद्या फोन करून सांगावं का, की द्या परत."

वहिनी म्हणाली, "तवा तर लई ठाम बोलत होता. आम्हाला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर थांबला असतात?"

"न्हाई," वहिनी म्हणाली.