सहा वर्षं बंद पडणारी मोटर

अध्यक्ष स्वतःहून आमच्या पायऱ्या चढून आले, त्या सकाळी मी त्यांना मुद्दाम दारातच उभं ठेवलं. बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. सहा वर्षं मी या माणसाची वाट बघत होते. दहा मिनिटं तो उभा राहिला तर काय बिघडलं?

माझे बाबा मोटर मेकॅनिक. होडीच्या मागे लटकवतात ना, त्या मोटरींचे. नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं ओळखायचे. आणि अध्यक्ष म्हणजे होडीमालकांच्या संघटनेचे अध्यक्ष. सहा वर्षांपूर्वी बाबांनी त्यांची मोटर दुरुस्त करून दिली आणि आठवड्याच्या आत ती भर खाडीत बंद पडली. होडीत नवे व्याही. होडी वाहत जाऊन चिखलात रुतली आणि व्याही-विहीणबाई चार तास डास मारत भरतीची वाट बघत बसले. संघटनेने लगेच ठराव केला, की चांगली मोटर बिघडवणाऱ्याने धक्क्यावर पाऊल ठेवायचं नाही. तेव्हापासून बाबा घरी बसून शेजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त करतात. "जाऊ दे गं," एवढंच म्हणतात. मला नाही जाऊ देता येत.

"मोटर तीच, रोग तोच," अध्यक्ष म्हणाले. "मधेच बंद पडते, मधेच चालू होते. पाच मेकॅनिक झाले. प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर तीनदा साफ केला. तू बापाच्या हाताखाली शिकलीस म्हणतात."

"बघते," मी म्हटलं. "पण दोष बाबांचा नाही असं निघालं, तर ते बाबांसमोर आणि सगळ्या धक्क्यासमोर बोलायचं."

गरज त्यांची होती. मान डोलावली.

पाण्याच्या पिंपात मोटर शहाण्यासारखी चालली. खाडीत नेऊन दोन तास फिरवली, एकदाही खोकली नाही. दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांनाच चालवायला लावलं आणि स्वतः टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीशेजारी बसले. या नळीत मोटरीच्या बाजूला हाताने दाबायचा एक फुगा असतो. पेट्रोल येत असलं की तो भरलेला राहतो. होडीने वेग घेतला आणि सातव्या मिनिटाला माझ्या मुठीतला फुगा चपटा झाला. मोटर गप्प. अध्यक्ष चरफडत उठले, मागे वाकले. फुगा भरला, मोटर पहिल्या झटक्यात सुरू. ते बसले. थोड्या वेळाने फुगा पुन्हा चपटा.

धक्क्याची रीत अशी, की मालकाच्या जागेवर दुसऱ्याने बसायचं नाही. अध्यक्षांची जागा म्हणजे गादी ठोकलेलं लाकडी खोकं. बाबांपासून माझ्यापर्यंत प्रत्येक मेकॅनिकने ही होडी अदबीने उभ्यानेच चालवून बघितली होती. आणि नळी जात होती नेमकी त्या खोक्याखालून. खोक्याचा तळ खचलेला. अध्यक्षांचं वजन पडलं की नळी चेपायची, ते उठले की मोकळी. त्या दिवशी व्याह्यांसमोर तर ते मानापायी उठलेच नव्हते, बसल्या जागीच मोटर सुरू करायची दोरी ओढत राहिले होते.

तिथल्या तिथे सांगता आलं असतं. का सांगू?

धक्क्यावर परतल्यावर बाबांना बोलावून घेतलं. होडी दोरांनी पक्की बांधली, मोटरीला वेग दिला. "अध्यक्ष, बसा." बसले, मोटर बंद. "उठा." चालू. अशा तीन उठाबशा काढायला लावल्या. दर खेपेला सहा-सात मिनिटं जात होती, पण मला कुठे जायचं नव्हतं. तिसऱ्या खेपेपर्यंत जाळी विणणाऱ्या बायकाही काम टाकून आल्या. कोणी तोंड दाबून हसत होतं, कोणी न दाबता. माझ्या काळजाला असा थंडावा मिळाला की विचारू नका.

"दोष यांचा नव्हता," अध्यक्ष बाबांकडे न बघता म्हणाले. "पण हे कोणाच्या लक्षात येणार?"

"माझ्या आलं होतं," बाबा म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी. चारचौघांत शोभा नको म्हणून घरी येऊन तुम्हाला एकट्याला सांगितलं. तुम्हाला ती थट्टा वाटली. माझ्या बसण्यात खोट काढतोस का म्हणालात, आणि ठराव केलात."

हे मला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. सहा वर्षं बाबांनी या माणसाची अब्रू झाकली होती, आणि याने बाबांची धुळीला मिळवली होती. माझ्या हातात पाना होता. तो मी खाली ठेवला, नाहीतर हातून काहीतरी झालं असतं.

धक्क्यावर आता कोणी हसत नव्हतं.

"तेवढी नळी बाजूने घेऊन द्या," अध्यक्ष पुटपुटले.

"देतो ना," बाबा शांतपणे म्हणाले. मग गर्दीत उभ्या असलेल्या बाकीच्या मेकॅनिकांकडे वळले. "काम माझं आहे. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही." एकाने घेतलेल्या कामाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, हीही धक्क्याचीच रीत. मग अध्यक्षांना म्हणाले, "सवड मिळाली की करतो. तोवर उभ्याने चालवा."

याला दोन वर्षं झाली. अध्यक्ष रोज एका हाताने कंबर धरून, वाकून होडी हाकत खाडीतून जातात. ठराव रद्द झाला, बाबांचं दुकान धक्क्यावर जोरात चाललंय. सवड अजून मिळालेली नाही.