आईच्या हातातला माइक
पाण्याच्या टँकरच्या रांगेतल्या नंबरावरून भांडण झालं आणि शेजाऱ्याने माझ्या धाकट्या भावाला कोयत्याने ठार मारलं, तो मंगळवार होता. टँकरच्या रबरी पाइपाचा वास आला की मला त्या मंगळवारापेक्षा केजच्या तहसीलसमोरचा मोर्चाच जास्त आठवतो. दुष्काळाचं वर्ष होतं, टँकर सहकारी कारखान्याचा होता आणि ‘फाशी द्या’चा फलकही कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनीच रंगवून आणला होता. मोर्चाच्या आदल्या रविवारी पाळकसाहेब क्षमेवर बोलू लागले, तेव्हा मी चर्चमधून उठून बाहेर आलो होतो, कारण मला फाशीच हवी होती. मोर्चात उन्हाने डांबर चपलांना चिकटत होतं. चेअरमनसाहेबांनी आईच्या हातात माइक दिला. “बोला मावशी, काय पायजे तुमाला?” आई म्हणाली, “फाशी कावून? आपल्या येशूलाबी सरकारनंच मारलं हुतं. ह्याला जित्ता ठिवा. माजं लेकरू रोज रांजण भरायचं, आता जलमभर ह्यानं भरावा.” मागून कोणीतरी म्हणालं, “जेलातून पाइप टाकायचा काय बे?” लोक हसले, चेअरमनसाहेबांनी माइक काढून घेतला आणि घोषणा सुरू झाल्या. परतताना जीपमध्ये मी तिच्यावर चिडलो, “तुजाच लेक गेला ना?” ती म्हणाली, “व्हय. म्हून तर मला इचारलं त्यांनी.” पुढे शेजाऱ्याला जन्मठेप झाली. आता आईही नाही. त्याला फाशीच व्हायला हवी होती असं मला अजून वाटतं, आणि रांजण मी भरतो.