कारभारींची लो ग्रेड गाठ

पाचोडच्या मोसंबी बाजारात कारभारी नरवडे अडते माल कमी बघायचे आणि हिणवायचे जास्त. शेतकऱ्यानं कॅरेट उतरवलं की हे दोन बोटांत एक मोसंबी उचलणार, मान तिरपी करणार आणि सासऱ्यानं घातलेली अंगठी पितळी निघाल्यासारखं तोंड करून म्हणणार, "लो ग्रेड हाय, पाटील." शेतकऱ्याचा चेहरा सालीसारखा सुकायचा. संध्याकाळी तोच माल कारभारींच्या कॅरेटात वरच्या थराला झळकायचा. तळाला काय असायचं ते दिल्लीच्या व्यापाऱ्यालाच ठाऊक. बोली तोंडानं चालायची, पण सौदा पक्का व्हायचा तो कारभारींनी डावा डोळा मिटला की. त्या एका डोळ्यावर नरवड्यांचा दोन मजली बंगला उभा होता.

त्याच बाजूला, कानाच्या पाळीखाली गाठ आली. लिंबाएवढी होती तोवर कारभारी तिला गालफुगी म्हणत राहिले आणि शेजारच्या गोजरबाई तिच्यावर गेरू फासत राहिल्या. साठीच्या माणसाला दीड वर्षं गालफुगी कशी टिकते, हे विचारायची कुणाची बिशाद नव्हती. शेवटी बायको चतुराबाईंनीच विचारलं, "आता मोसंबीएवढी झाली. कॅरेटात भरायची का दवाखान्यात दाखवायची?"

लेक सायली छत्रपती संभाजीनगरात बँकेत होती. तिनं वडलांना डॉ. नीरजा सबनीसांपुढं नेऊन बसवलं. बाई प्रत्येक शब्दाला इस्त्री करून बोलणाऱ्या. सुईच्या तपासणीत लाळेच्या ग्रंथीची साधी गाठ निघाली, तशी कारभारींनी तिथूनच फोन लावून पाचोडला पेढे वाटायला सांगितले. पण स्कॅन बघून बाईंचं समाधान होईना. त्यांनी गाठीचा तुकडा काढला, त्याला खास रंग लावले, जनुकाची तपासणी करवली. पेढे पचले तेव्हा निकाल आला. कॅन्सर होता, आणि तोही फार विरळा. साध्या गाठीचं हुबेहूब सोंग घेऊन बसणारा. बाई म्हणाल्या, सुई नेमकी साध्या दिसणाऱ्या भागात फिरली होती.

कारभारींना हे कुणाहीपेक्षा लवकर समजलं. "म्हंजे वरला थर दाखवून मला फसवलं," ते पुटपुटले.

"व्हय," चतुराबाई म्हणाल्या, "वळखीचंच कुनी आसंल."

एवढ्यावर भागलं असतं. पण बाईंनी धीर द्यायला म्हणून सांगितलं की गाठ लो ग्रेड आहे, म्हणजे सावकाश वाढणारी. कारभारी ताठ झाले. कॅन्सर म्हटल्यावर जे तोंड नुसतं पडलं होतं, ते आता लालबुंद झालं. चाळीस वर्षं ज्यानं दुसऱ्याच्या मालाला हा शब्द लावला, त्याच्याच गळ्यात तो लेखी बांधत होते. त्यांनी बाईंना रिपोर्ट नीट बघायला सांगितलं. मग दुसऱ्या लॅबमधून आणायला सांगितलं. मग जाहीर केलं की ग्रेड बदलून मिळाल्याशिवाय ऑपरेशन नाही, भावकीत काय तोंड दाखवू? सायली भिंतीवरचा कानाचा तक्ता परीक्षेला बसल्यासारखी वाचू लागली.

बाईंनी शांतपणे कागदावर कान, गाल आणि मधून जाणारी एक रेघ काढली. "काका, ही चेहऱ्याची नस. ती या ग्रंथीतूनच जाते. गाठ हाय ग्रेड असती तर कदाचित हीसुद्धा काढावी लागली असती. मग डोळा मिटला नसता."

"कोनता डोळा?"

"डावा."

कारभारींनी रेघेकडं पाहिलं. खुर्ची पुढं ओढली. आवाज एकदम गिऱ्हाइकाचा झाला.

"बाई, पुन्यांदा एकडाव बघून घ्या. लोच हाय ना? पक्कं लो? तळापर्यंत?"

बाई म्हणाल्या, सध्या तरी तसंच दिसतंय, नस वाचेल असं वाटतं, पण शब्द देता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा कारभारींनी माल न हिणवता आणि भाव न पाडता सही केली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी बाई राउंडला आल्या आणि डोळे मिटायला म्हणाल्या. डोक्याभोवती पट्टी गुंडाळलेल्या कारभारींचा डावा डोळा आधी थरथरला, अर्ध्यावर अडला, आणि मग हळूहळू पुरता मिटला. उजवा मात्र टक्क उघडा.

"काका, दोन्ही मिटा," बाई जरा घाबरून म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या बाई," चतुराबाई डोळे पुसत म्हणाल्या, "त्यांनी सौदा पक्का केलाय."