इंडिकेटरची टिकटिक

थांबा, हे आत्ताच सांगायचंय, नाहीतर ऑफिसला पोचेपर्यंत राहून जाईल. आत्ता कॅबमध्ये इंडिकेटरची टिकटिक ऐकली आणि एकदम आमची जुनी गाडी आठवली. खडकवासल्याला कणसं खाऊन परत येत होतो, तर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. अल्टरनेटर गेला, म्हणजे बॅटरी चार्जच होत नाहीये, आणि उरलीये तेवढ्यावर नारायण पेठेतलं गॅरेज गाठायचंय. आईने आधीच बजावलं होतं, आता रस्त्यात बंद पडली तर थेट भंगारात. म्हणून बाबांनी एसी, गाणी सगळं बंद केलं, हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही म्हणाले. मग मीच खिडकीतून डोकं काढून 'ओ काका, सरका ना जरा' करत होते. एक आजोबा म्हणाले, "गाडीला नाही, पण पोरीला हॉर्न आहे." गॅरेज समोर दिसलं आणि बाबांनी सवयीने इंडिकेटर दिला. आई म्हणाली, "अहो, कोणासाठी?" "वळताना द्यायचा असतो." ती टिकटिक मंद होत गेली, मग थांबली, आणि इंजिनही. आम्ही ढकलत गाडी आत नेली. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, जळका वास आला. "अल्टरनेटर दोनदा रिपेअर केलाय काका, आता काही होणार नाही. नवीन तर ह्या गाडीचा मिळतच नाही." आता आई टोमणा मारणार असं वाटलं, पण ती हळूच म्हणाली, "रस्त्यात कुठे, दारात बंद पडली." बाबांनी खिडकीतून हात घालून इंडिकेटर तेवढा बंद केला. तुमच्या घरची गाडी गेली का हो कधी अशी?