चांदीचा डाख

सगळा चांदीचाच डाख आहे का, असं मामांनी मला विचारलं आणि मी हो म्हणाले. एवढंच खोटं. माझी नोकरीच लोकांचं खोटं पकडण्याची, त्यामुळे स्वतःचं इतकं सहज तोंडातून निघालं याचं त्या क्षणी मला नवलही वाटलं नाही.

मामा म्हणजे माझे घरमालक. चेन्नईजवळ तांबरमला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहते. ते तंजावरकडचे मराठी. त्यांची मराठी जुन्या पत्रांमधली आणि बोलण्याची चाल तमिळ. आयुष्यभर त्यांनी रेल्वेच्या शेडमध्ये वाफेच्या इंजिनांचे बॉयलर दुरुस्त केले होते. मी साताऱ्याची, ओरगडमच्या एका कारखान्यात ट्रकच्या सांगाड्यांचे जोड तपासते. जोडातलं छिद्र कुणी रंगाखाली लपवलं, तर ते मी शोधते आणि लपवणाऱ्याला सर्वांसमोर झापते. माझी जीभ तिखट आहे, हे मला आईपासून सगळ्यांनी सांगून झालंय.

मी करत होते ते इंजिन हातभर लांबीचं होतं. मीटरगेजच्या जुन्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती, तीही खऱ्या वाफेवर चालणारी. तयार संच आणून जोडायचा नव्हता. पितळी पत्रा आणि तांब्याची नळी जॉर्ज टाउनच्या बाजारातून आणायची आणि एकेक भाग स्वतः कापायचा, घासायचा. तीन वर्षं माझे सगळे रविवार त्यात गेले. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे ते बोटांनी बघायचे. पाण्याच्या टाकीवरचे मोहरीएवढे रिव्हेट चाचपून त्यांनी एकदा मला सांगितलं होतं की खालच्या ओळीत एक कमी आहे. मी मोजले, खरंच एक कमी होता. मी चिडून ती टाकी पुन्हा केली. असं हे आमचं चाललं होतं, आणि त्या तीन वर्षांत मला चेन्नईत दुसऱ्या कुणाची गरज वाटली नाही.

अडलं ते बॉयलरपाशी. बॉयलर तांब्याचा, त्याच्या आत कोळशाची भट्टी. भट्टीची भिंत आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये पाणी असतं, आणि त्या दोन भिंतींना धरून ठेवायला आरपार तांब्याच्या काड्या घालतात. त्या काड्या चांदीच्या डाखानेच बसवायच्या. चांदी मिसळलेली ती तार तांबं लाल झाल्याशिवाय वितळत नाही, पण एकदा बसली की वाफेला दाद देत नाही. साधं सोल्डर, रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचं, थंड असताना तितकंच घट्ट दिसतं. तापलं की त्याचा जीव जातो.

माझा पहिला बॉयलर मी याच पायरीवर जास्त तापवून घालवला होता. आतल्या नळ्या सुटून गोळा झाल्या होत्या आणि आठ महिन्यांचं काम भंगारात गेलं होतं. म्हणून दुसऱ्या वेळी हात आखडला. शेवटच्या तीन काड्यांपाशी मी ज्योत लवकर मागे घेतली. हवा भरून पाण्यात बुडवून पाहिलं, तर नेमके त्या तिन्हींपाशी बुडबुडे. तिन्ही भट्टीच्या दाराच्या अगदी वर. पुन्हा सगळा बॉयलर लाल करायचा धीर मला झाला नाही. मी त्या तीन जागी साधं सोल्डर भरलं, कानशीने घासलं, वरून काळं केलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी सकाळी मामांनी बॉयलरची परीक्षा घेतली. ही परीक्षा थंड पाण्याने करतात. बॉयलर पाण्याने गच्च भरायचा आणि हातपंपाने दाब वाढवत न्यायचा, रोज लागणार त्याच्या दुप्पट. पंप मारण्याआधी मामांनी ते विचारलं.

"सगळा चांदीचाच डाख कीं, मा?"

"हो मामा."

दाबाचा काटा दहावर गेला आणि अर्धा तास दहावरच राहिला. राहणारच, पाणी थंड होतं. मामांनी बॉयलरच्या अंगावरून बोटं फिरवली. त्या तीन काड्यांवर ती थांबली असं मला वाटलं, पण चोराच्या मनात चांदणं. मग त्यांनी खिशातून बोटभर लांबीचा पोलादी ठसा काढला. गोल, आत एक आडवी रेघ. शेडमध्ये असताना जो बॉयलर त्यांनी पास केला त्याच्यावर हाच ठसा बसायचा, आणि निवृत्त झाल्यापासून तो पेटीत होता. हातोडीचा एकच ठोका पडला. माझ्या खोट्यावर आता त्यांची खूण होती.

पास झालेला बॉयलर आम्ही इंजिनावर चढवला. मी ठरवलं की रात्री तो काढून वर नेते आणि काय व्हायचं ते होवो, पुन्हा लाल करते. पण दुपारीच मामा वर आले आणि माझी सगळी हत्यारं मागितली. गॅसची बंदूक, पाने, पक्कड, कानशी, सगळं. खाली देवघरासमोर पाट मांडून त्यांनी आपली आणि माझी हत्यारं ओळीने ठेवली आणि मधोमध इंजिन. आमच्याकडे खंडेनवमीला गाडीला झेंडूची माळ घातली की झालं, दुपारी तीच गाडी घेऊन आपण बाहेर. इथे पूजेला मांडलेलं हत्यार विजयादशमीच्या सकाळपर्यंत कुणी उचलत नाही. माझ्या पान्यांवर चंदनकुंकू लागलं आणि माझे हात बांधले गेले.

त्यावर मामांनी आनंदाने सांगितलं की विजयादशमीला हत्यारं उचलली की पहिलं काम म्हणजे इंजिन पेटवायचं. भट्टी ते स्वतः बघणार. शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून त्यांनी कोळसा आणून बारीक फोडून ठेवला होता. त्यांना दिसत कमी, म्हणून ते भट्टीत बघताना तोंड दारापाशी नेतात. रिकाम्या भट्टीत तसं बघताना मी त्यांना वीस वेळा पाहिलं होतं. त्या तीन काड्या सुटल्या तर पत्रा फुगून फाटणार आणि वाफ त्याच दारातून बाहेर येणार. हे गणित मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पूजेचा तो दिवस मी कसा काढला ते मलाच ठाऊक. तीन वेळा खाली गेले. पहिल्यांदा मामी प्रसादाचं सुंडल वाटत होत्या. माझ्या हातावर वाटाण्याची मूठ ठेवून म्हणाल्या की हे इतक्या वर्षांत असे हसले नव्हते. दुसऱ्यांदा मामा झोपले होते. मी इंजिनापाशी उकिडवी बसले आणि पान्याकडे हात नेला, आणि मागे घेतला. धर्माची भीती नव्हती, मी तशी देवभोळी नाही. त्या चंदनावर बोटाचा ठसा उमटला असता, याची भीती होती. म्हणजे तेव्हाही मला पकडलं जाण्याचीच पडली होती. स्वतःचा इतका राग मला पूर्वी कधी आला नव्हता. तिसऱ्यांदा मामा जागे होते, एकटे होते, आणि मी त्यांना विचारलं की उद्या पाऊस येईल का.

विजयादशमीला सकाळी त्यांनी धुतलेली वेष्टी नेसली, हत्यारांना नमस्कार केला आणि इंजिन गच्चीवर नेलं. वाळूच्या परातीवर ते उभं केलं. रॉकेलमध्ये भिजवलेला कोळसा पेटला, चिमणीवरचा लहानसा पंखा धूर ओढू लागला. मामी खुर्ची घेऊन बसल्या. मी म्हणत होते, काटा हलला की सांगू. काटा हलला. मग म्हटलं, एकवर आला की. एकवर आला. बॉयलर बारीक आवाजात गाऊ लागला आणि मामांनी डोळे मिटून तो ऐकला. काटा दोनकडे निघाला. मामा गुडघ्यांवर बसले, एक हात जमिनीवर टेकवला आणि दुसऱ्या हाताने भट्टीच्या दाराची कडी धरली.

"मामा, उघडू नका. दारावरच्या तीन काड्या साध्या सोल्डरच्या आहेत."

 मामांनी कडी सोडली आणि मला म्हणाले, "मागें हो." मामींना तमिळमध्ये जिन्यात जायला सांगितलं. मग त्यांनी बाजूला सरकून लांब सळीने भट्टीखालची खीळ ओढली. निखारे वाळूत पडले. त्याच सळीने त्यांनी वाफेची झडप उचलून धरली आणि काटा शून्यावर येईपर्यंत हात हलवला नाही. कसलीही घाई नाही. 

नंतर ते कठड्यापाशी बसले. ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काल कां नाहीं सांगितलेंस?"

तुम्ही मला टाकाल म्हणून, असं मी खरं तेच बोलले.  बॉयलर निवल्यावर त्यांनी छिन्नी घेतली आणि आपल्या ठशावर आडवीतिडवी फुली मारली. दोन महिने ते माझ्याशी भाडं, पाणी आणि वीज एवढंच बोलले.

मी रोज रात्री बसून तिसरा बॉयलर केला. या वेळी शेवटच्या काडीपर्यंत ज्योत धरली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पोंगलनंतर तो घेऊन खाली गेले. मामांनी या वेळी काहीच विचारलं नाही. साधं सोल्डर चाकूला मऊ लागतं; चाकूच्या टोकाने त्यांनी प्रत्येक काडी खरवडून बघितली, एकही न सोडता, माझ्यासमोर. मी खाली मान घालून उभी राहिले. मग पाण्याची परीक्षा झाली, काटा दहावर थांबला, आणि त्यांनी ठसा आणि हातोडी माझ्या हातात दिली.

"तूंच मार. मी मारला तर मी विसरेन. तूं मारलास तर तूं विसरायची नाहींस."

माझा ठोका तिरका बसला. ती आडवी रेघ अजून कललेली दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर पुन्हा कोळसा पेटला. काटा दोनच्या पुढे गेला, तीनच्या पुढे गेला. मामा गुडघ्यांवर बसले, माझ्याकडे न बघता कडी काढली, भट्टीचं दार उघडलं आणि तोंड अगदी जवळ नेऊन आत बघत राहिले. सगळा चांदीचाच डाख होता. तरीही ते दार पुन्हा लागेपर्यंत मी श्वास घेतला नाही.