फोटोच्या निमित्तानं

गल्लीत रोज मोबाईल घेऊन हिंडलं की फोटो कमी आणि किस्सेच जास्त जमतात. सांगायला घरात कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आमची वस्ती बारामतीत, कालव्याच्या कडेला, पत्र्याच्या घरांची. हे गेले, मुलगी लग्न होऊन इंदापूरला. तिनं जुना मोबाईल दिला. म्हणाली, "आई, फोटो काढत जा, वेळ जाईल." वेळेचं माहीत नाही, पण दारं उघडायला लागली. नुसतं गेलं की "काय काम काढलं?" विचारतात. फोटो म्हटलं की आत घेतात!

*

शांतामावशी चुलीपुढं भाकरी थापत होत्या. म्हटलं, "मावशी, रोजच्यासारखं काम करत राहा."

त्या उठल्या, आत जाऊन इरकल नेसून आल्या आणि ताठ उभ्या राहिल्या! मागं तव्यावर धूर.

"मावशी, भाकरी करपली!"

"करपू दे. लुगडं पुरं आलं का त्ये बघ!"

*

गल्लीत फ्रीज एकच, सुनंदाचा. "आमची गळकी भित्ताडं नको, तितं काढा," म्हणत सगळ्या तिच्याकडं. त्यातही दार उघडून, आतला दिवा दिसेल असं उभं राहायचं. माझ्या मोबाईलात बघाल तर घरोघरी फ्रीज!

शेवटी सुनंदा ओरडली, "अगं दार लावा! गारवा समदा तुमीच नेताय!"

*

नळावर दोघी जावा एकच हंडा ओढत होत्या. मी मोबाईल वर केला. दोघींनी पदर सारखे केले, खांद्याला खांदा लावून हसल्या.

"झाला का फोटू?"

"झाला."

"मग सोड हंडा, सटवे!"

*

रोजचा फोटो मुलीला पाठवते. उत्तराला अंगठा येतो. कामात असते बिचारी. एकदा मुद्दाम तीन दिवस एकच फोटो पाठवला.

तीन अंगठे आले!

*

गल्लीच्या टोकाला तात्या एकटेच राहतात. पूर्वी गवंडी होते. रोज केस विंचरून ओट्यावर बसतात, फोटो काढून घेतात. पण एकदाही "दाखव" म्हणाले नाहीत.

मध्यंतरी माझा मोबाईल नळाजवळ पडला. कॅमेरा बंद. दुकानदार म्हणाला, "नवाच घ्या." मी कोणाला सांगितलं नाही. फोटो नाही तर कोणाच्या दारात कशाला जायचं? तसाच मोबाईल धरायचा, "हं, झालं" म्हणायचं.

परवा मात्र राहवलं नाही.

"तात्या, कॅमेरा बंद आहे हो. आठ दिवस झाले."

तात्या शर्टाचं वरचं बटण लावत होते.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "काढ तू."