पोत्यातला ताप

निलगिरीच्या घाटात धुक्यामुळे आमची गाडी थांबली होती. रस्त्याच्या कडेला चार-पाच बायका, नुकत्याच खुडलेल्या चहाच्या पानांची पोती घेऊन, कारखान्याच्या टेम्पोची वाट बघत बसल्या होत्या. प्रत्येकीचा मळा घरामागेच, परसाएवढा.

त्यांच्यातल्या एका म्हातारीने पोत्याचं तोंड सोडून कोपरापर्यंत हात आत घातला. "बघ," ती मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली. मीही हात घातला. बाहेर गारठ्याने बोटं आखडत होती आणि आत पानं चक्क गरम, तापलेल्या लेकराच्या अंगासारखी. खुडलेलं पान कोंडून राहिलं की आतल्या आत तापतं, लाल पडतं. मग कारखाना ते घेत नाही.

"मग घरीच का नाही करत चहा?"

"सून करते. कढईत भाजून, हाताने चोळून. येणारेजाणारे आवडीने नेतात." ती हसली. "पण कढईत मावणार किती?"

लाकूड पेटलं तर निदान धूर तरी येतो. इथे वरची पानं अजून हिरवीगार होती. सकाळपासून ज्या उतारांचे मी हौसेने फोटो काढत होतो, तेही असेच हिरवेगार होते.

धुक्यात दिवे दिसले. बायकांनी लगबगीने पोत्यांची तोंडं बांधली. दिवे जवळ आले. ती आमच्यासारख्याच पर्यटकांची गाडी होती.

सगळ्या पुन्हा बसल्या. म्हातारीने पोतं सोडलं, हात आत घातला, आणि या वेळी लगेच बाहेर काढला.